टक्‌टक् करणारी हार्ड डिस्क, जीटीए आणि रोजचे दोन जीबी

सेलूच्या एका भावाने विचारलंय, ते आधी थोडक्यात मांडतो. थोरल्या भावाने कॉलेजात असताना घेतलेला २०१२ चा पीसी घरात आहे. दुसऱ्या पिढीचा आय३, एच६१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, एक छोटं ग्राफिक्स कार्ड आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. महिनाभरापासून विंडोज १० सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं लागतात, जीटीए ५ सारखी गेम मध्येच अडकते, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम शंभर टक्क्यांवर असते आणि डब्यातून टक्‌टक् आवाज येतो. नवी १ टीबीची हार्ड डिस्क घ्यावी का, जुनीचं आहे तसं क्लोन करता येईल का, आणि नेट मोबाईलचं, दिवसाला दोन जीबी, तर एवढ्या गेम्स परत टाकायच्या कशा, असे त्यांचे तीन प्रश्न.

परभणीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. असे पीसी आठवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि येताना बहुतेक जण "कोणती डिस्क टाकू?" एवढंच विचारतात. डिस्क बाजारात कुठलीही मिळेल हो. अडचण क्रमाची असते. मे महिन्यात विहिरीला अर्ध्या तासाचं पाणी उरलं की माणूस आधी मोसंबीच्या झाडांना देतो, बांधावरच्या गवताला नाही. मरायला टेकलेल्या डिस्कचं तसंच आहे. तिच्यात अजून चाळीस तास आहेत की चार, हे मी तिला हातात घेऊनही सांगू शकत नाही. मग जेवढे तास आहेत तेवढे जे परत मिळणार नाही त्यावर घालायचे. गेम परत मिळते. तुमची शहात्तर टक्के पूर्ण झालेली सेव्ह फाइल मिळत नाही, आणि भावाच्या लग्नाचे फोटो तर नाहीतच.

म्हणून आज एवढंच करा, पीसी बंद करा. "जाता जाता एक मॅच" खेळू नका. नवी डिस्क येईपर्यंत फक्त एकदा सुरू करायचा आहे, तोही विंडोज उठल्यावर पाच मिनिटांपुरताच.

ती पाच मिनिटं कशासाठी, तर खरंच डिस्कच मरतेय का ते बघायला. दुसऱ्या कुणाच्या पीसीवरून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची झिप पेनड्राइव्हवर घ्या, ती इन्स्टॉल न करता चालते. आपल्या पीसीवर फक्त ती उघडा. वर निळा, पिवळा किंवा लाल चौकोन दिसेल, पण मी रंगावर फार जात नाही, खालचे आकडे बघतो. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे. सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून अधांतरी ठेवलेले. सी६ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न वाचलेले. ०५ पुढे पाच-दहा असतील आणि वर्षभर तेवढेच असतील तर मी त्या डिस्कला चालू देतो. सी५ पुढे एक जरी दिसला तरी मी गिऱ्हाइकाला "फोटो कुठं आहेत?" हे आधी विचारतो. इथे एक फसगत होते. हे आकडे सुरुवातीला सोळाच्या पटीत लिहिलेले असतात, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते दहा नसून सोळा असतात. फंक्शन मेन्यूतून ते साध्या दशमान आकड्यांत बदलता येतात.

०५, सी५, सी६ तिन्ही शून्य आणि फक्त सी७ पुढे मोठा आकडा असेल तर डिस्क घ्यायला जाऊच नका. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या बोलण्यात झालेल्या चुका, आणि त्याला बहुतेक वेळा केबल कारण असते. मोंढ्यातल्या एका अडत दुकानाचा पीसी असाच आला होता. नवी डिस्क त्यांनी आधीच घेऊन ठेवलेली. कॅबिनेट उघडलं तर डिस्कला बोर्डाशी जोडणारी लाल साटा केबल बाजूच्या पत्र्याला दाबून काटकोनात मुडपलेली, खाचेतली क्लिप तुटलेली. साधी केबल बदलली आणि तीच जुनी डिस्क पुढे तीन वर्षं हिशेब करत होती. सी७ चा आकडा नंतर शून्यावर येत नाही हे मात्र लक्षात ठेवा. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला की झालं.

टक्‌टक् आवाजाचं आणखी एक कारण डिस्कच्या बाहेर असतं, ते म्हणजे एसएमपीएस, पीसीला वीज पुरवणारा डबा. आपल्याकडच्या पीसींतला स्वस्तातला एसएमपीएस दहा वर्षांनी दमतो, १२ व्होल्टची लाइन खाली बसते, डिस्कच्या मोटरला जोर पुरत नाही आणि ती पुन्हा पुन्हा फिरायचा प्रयत्न करते. मीटर असेल तर पीसी चालू असताना मोकळ्या चार पिनी कनेक्टरवर पिवळी-काळी मोजा, ११.४ ते १२.६ च्या आत हवं. लाल-काळी ४.७५ ते ५.२५. त्याबाहेर असेल तर आधी एसएमपीएस बदला, नाहीतर नवी डिस्कही त्याच वाटेने जाईल. मीटर नसेल तर दुकानात नेऊन दाखवा. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडून बघू नका.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे आवाज, शंभर टक्के, दहा मिनिटं हे सगळं एकत्र, मला सी५ भरलेला दिसतोय. पुढचं ते धरून लिहितो.

क्लोन करू नका. क्लोन म्हणजे डिस्कवरचं सगळं वाचणं, काही सॉफ्टवेअर तर पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत. त्यात कधी तुमची रिकामी जागाही येते, विंडोजचा कचरा येतो, पुन्हा उतरवता येणारी गेम येते. मरणाऱ्या डिस्कला हे सगळं वाचायला लावायचं आणि फोटोपर्यंत पोचायच्या आधी तिने मान टाकायची, हे मी पाहिलंय. शिवाय नऊ-दहा वर्षं साचलेलं, मोडक्या फाइलींचं विंडोज नव्या डिस्कवर नेऊन मिळवणार काय?

विंडोजच्या चेकडिस्क या तपासणीचंही तेच. "खराब सेक्टर दुरुस्त करा" हा पर्याय लावला की ती पूर्ण पृष्ठभाग वाचत बसते. धडधाकट ५०० जीबी डिस्कला दीड-दोन तास लागतात, आजारी डिस्कला रात्र पुरत नाही. दुकान सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी एका गुरुजींची डिस्क माझ्याकडे आली होती. मुलीच्या बारशाचे फोटो होते. मी मोठ्या हुशारीने चेकडिस्क लावली आणि शटर ओढून घरी गेलो. सकाळी बायोसला, म्हणजे पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, डिस्क दिसेना. आदल्या संध्याकाळी मी तेच फोटो त्यांना स्क्रीनवर उघडून दाखवले होते, म्हणजे तेव्हा फक्त कॉपी केले असते तरी चाललं असतं. गुरुजी "असू द्या" म्हणाले आणि डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन गेले. तेव्हापासून माझ्या टेबलावर कॉपी आधी, दुरुस्ती नंतर.

आता घ्यायचं काय. माझं मत, ५०० जीबीच्या आसपासची साधी २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवरची डिस्क. २५६ ची घेतली तर विंडोज आणि एक मोठी गेम यातच ती बरीचशी भरते. १ टीबी हार्ड डिस्क घेऊ नका असं नाही. गेम्सचा मोठा साठा करायचा असेल, खिसा आत्ता एवढाच असेल, तर घ्या, पण विंडोज तिच्यावर पुन्हा रांगेल. एच६१ चिपसेटला साटा २ चीच, म्हणजे जुनी, कमी वेगाची पोर्ट आहेत, त्यामुळे ५५० लिहिलेली एसएसडी तुमच्याकडे सेकंदाला २७०-२८० एमबीच देईल. दुकानदार "मग कशाला घेता?" म्हणेल. पण पीसी अडकतो तो मोठ्या फाइलीमुळे नव्हे, शेकडो बारक्या फाइली इकडून तिकडून वाचताना. हार्ड डिस्कच्या हाताला तिथं पोचायलाच दहा-बारा मिलिसेकंद लागतात. एसएसडीला हात नाही, ती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर देते. म्हणून साटा २ वरही फरक डोळ्यांना दिसतो. एनव्हीएमई म्हणून येणारी च्युइंगगमच्या पट्टीसारखी एसएसडी मात्र घेऊ नका. तुमच्या बोर्डावर तिची खाच नाही, आणि अडॅप्टर लावला तरी असे जुने बोर्ड सहसा तिच्यावरून बूट होत नाहीत.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका. एसएसडीने फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढत नाही. तो ग्राफिक्स कार्डाचा विषय. गेम लवकर उघडेल, नवा भाग लोड होताना होणारा अडथळा कमी होईल, बस. पैसे उरत असतील तर डीडीआर३ ची ४ जीबीची आणखी एक कांडी बघा. जुनी मिळाली तरी चालते, रॅम सहसा म्हातारी होत नाही.

बसवायला अर्धा तास. पीसीची वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, मगच हात घाला. जुन्या हार्ड डिस्कला जाड आट्याचे स्क्रू असतात, एसएसडीला बारीक आट्याचे. जुनेच स्क्रू जोर लावून फिरवले की एसएसडीचे आटे जातात. पट्टी नसेल तर दुहेरी टेपने चिकटवली तरी चालते, तिच्यात हलणारं काही नसतं. डबा उघडलाच आहे तर बोर्डावरचा गोल बटणासेल, सीआर२०३२, बदलून टाका. एवढ्या जुन्या पीसीत तो बहुधा मेलेला असतो, मग तारीख मागे जाते, स्टीम (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) लॉगिन होत नाही आणि लोक नेटला शिव्या देतात.

मग बायोसमध्ये साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीईवर असेल तर एएचसीआय करा. हे विंडोज टाकायच्या आधीच करायचं, नंतर बदललं तर निळी स्क्रीन येते. आणि विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की बऱ्याचदा विंडोज स्वतः नव्या डिस्कवर बसतं आणि बूटचा तुकडा जुन्या डिस्कवर टाकतं. महिन्याने जुनी डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही. यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांना मी चहा पाजतो, कारण काम पंधरा मिनिटांचं असतं आणि ते बिचारे पुन्हा फॉरमॅटची तयारी करून आलेले असतात.

विंडोज ६४ बिटच टाका. ४ जीबी रॅमच्या पीसींना आपल्याकडे सर्रास ३२ बिट टाकून देत. जीटीए ५ त्यावर चालतच नाही, आणि २०२६ च्या सुरुवातीपासून स्टीमनेही ३२ बिट विंडोजचा आधार काढलाय. तुमचं विंडोज १० ॲक्टिव्ह असेल तर त्याची नोंद बोर्डाशी बांधलेली असते. प्रॉडक्ट की मागितली तर "माझ्याकडे नाही" म्हणा, आवृत्ती तीच निवडा, नेट लागलं की ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. गेमसाठी १० चालेल. बँकेचं काम त्यावर करू नका, ते मोबाईलवर करा.

आता मुख्य काम. नवं विंडोज नीट उठलं की पीसी बंद करून जुनी डिस्क दुसरी म्हणून जोडा. सुरू होताना "डिस्क तपासायची आहे, थांबवायचं तर कोणतीही कळ दाबा" असं आलं तर ताबडतोब कळ दाबा. तीच ती चेकडिस्क. मग जुन्या युजर फोल्डरवर माऊसने जाल तेव्हा "परवानगी नाही, पुढे जायचं का?" असं विचारलं जाईल. तिथे "हो" म्हटलं की विंडोज त्या फोल्डरमधल्या हजारो फाइलींवर नवी परवानगी लिहीत सुटतं, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं आपल्याला नकोच आहे. म्हणून मी ॲडमिन म्हणून काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडतो आणि विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कॉपी करायची आज्ञा वापरतो. 'बी' हा पर्याय दिला की परवानगीची कटकट राहत नाही, 'एक्सजे' दिला की ती फोल्डरांच्या चक्रात फिरत बसत नाही. आणि 'आर' व 'डब्ल्यू' हे दोन्ही पर्याय न विसरता १ करा. 'आर' म्हणजे फाइल वाचली नाही तर किती वेळा प्रयत्न, 'डब्ल्यू' म्हणजे मध्ये किती सेकंद थांबायचं. काही न सांगता सोडली तर ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. एका वाईट फाइलीसाठी जवळजवळ वर्षभर!

आधी फोटो, कागदपत्रं, डेस्कटॉप. मग सेव्ह फाइली. जीटीए ५ च्या सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या रॉकस्टार गेम्स फोल्डरात, प्रोफाइल्समध्ये असतात. सॅन अँड्रियासच्या डॉक्युमेंट्समध्येच वेगळ्या फोल्डरात. क्रिकेट ०७ खेळत असाल तर त्याचंही फोल्डर तिथंच. बऱ्याच गेम्स मात्र सेव्ह ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात टाकतात, आणि तेच लोक विसरतात. ॲपडेटा सगळंच उचला, दोन-चार जीबी जास्त गेले तरी चालेल. हे सगळं नव्या एसएसडीवर आलं की लगेच एका पेनड्राइव्हवरही टाका. आता डिस्क मेली तरी रात्री झोप लागेल.

गेम्सची पाळी यानंतर. हिशेब करा, जीटीए ५ शंभर जीबीच्या पुढे गेलीय, दोन जीबी रोजने पन्नासहून जास्त दिवस. त्यामुळे जुन्या डिस्कवरून जेवढं निघेल तेवढं काढणं तुमच्यासाठी खरंच मोलाचं आहे. फायबर असलेल्याला मी सांगतो, सोडा, उतरवून घ्या, पन्नास एमबीपीएसला साडेचार तासांचं काम. नव्या विंडोजवर स्टीम टाका, लॉगिन करा आणि बंद करा. जुन्या डिस्कवरच्या स्टीमच्या स्टीमॲप्स फोल्डरातून दोन गोष्टी उचलायच्या: कॉमनमधलं त्या गेमचं फोल्डर आणि बाहेर पडलेली, ॲपमॅनिफेस्टने सुरू होणारी त्या गेमची बारीक फाइल. जीटीए ५ चा क्रमांक २७१५९० आहे. दोन्ही नव्या स्टीमॲप्समध्ये त्याच जागी टाका, स्टीम उघडा आणि गेमच्या प्रॉपर्टीजमधून फाइली तपासायला सांगा. शंभर जीबीमधले चार तुकडे वाचले गेले नसतील तर स्टीम तेवढेच तुकडे नेटवरून आणतं. म्हणजे पन्नास दिवसांचं काम एखाद्या दिवसाच्या डेटात बसू शकतं. लायब्ररीत आता जीटीए ५ दोन दिसतील, तुमची लेगसी नावाची, म्हणजे जुनी आवृत्ती. मार्च २०२५ मध्ये आलेली एनहान्स्ड या पीसीला झेपणार नाही, चुकून तिच्यावर टिचकी मारून डेटा घालवू नका.

डिस्क गेम द्यायला तयारच नसेल तर गावात मित्र शोधा. त्याच्याकडे तीच गेम स्टीमवर असेल तर पेनड्राइव्हवर वरच्याच दोन गोष्टी आणायच्या. किंवा तुमचा डबा उचलून त्याच्या घरी न्या. स्टीम २०२३ पासून एकाच राउटरवरच्या दोन पीसींत गेम परस्पर देतं, नेट खर्च होत नाही. एपिक या स्टीमसारख्याच दुसऱ्या ॲपवरच्या गेमचं थोडं वेगळं. तिथे आधी इन्स्टॉल सुरू करायचं, एक-दोन टक्के झाले की थांबवून लाँचर पूर्ण बंद करायचा, जुनं फोल्डर त्यावर टाकायचं आणि मग पुढे चालू करायचं.

डीव्हीडीवरून टाकलेल्या जुन्या गेम्सचं फोल्डर नुसतं आणून कधी चालतं, कधी नाही, कारण त्यांच्या नोंदी जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, राहिलेल्या असतात. नाही चालली तर डीव्हीडीवरून परत टाका आणि सेव्ह त्यावर ठेवा. सुरू करताना "डी३डीएक्स९ अमुक फाइल सापडत नाही" आलं तर ती एकटी फाइल कुठूनतरी उतरवू नका, त्यात काय येईल सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स पॅकेज टाका, शंभर एमबीच्या आतलं आहे. क्रॅक केलेल्या गेम्सबद्दल मला विचारू नका. त्या परत टाकून द्यायचं काम मी करत नाही, निस्तरायचं काम मात्र कायम येतं.

हे सगळं मध्येच बिघडवणारी एकच गोष्ट आहे, लाइट. कॉपी चालू असताना लाइट गेली, आली, परत गेली, की आजारी डिस्कची सुई दर वेळी घाईत मागे खेचली जाते. क्रिस्टलडिस्कइन्फोत सी० पुढे ते मोजलेलं दिसतं. तुमचा यूपीएस बॅटरी बदलून किती वर्षं झाली? टेबलाखाली नुसता डबा असेल तर कॉपीपुरता शेजाऱ्याचा आणा, किंवा ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याच्या घरी हे काम करा. आणि उन्हाळ्यात करत असाल तर पहाटे करा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीच चाळिशीला असते, बंद डब्यात डिस्क पन्नासच्या वर जाते. डब्याची बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, बाहेर काढली की आत दव धरतं.

डिस्क बायोसलाच दिसत नसेल, किंवा जोडल्यावर नुसतंच टक्‌टक् करत असेल, तर वरचं काही करू नका. पुण्या-मुंबईकडे स्वच्छ खोलीत डिस्क उघडून डेटा काढणाऱ्या लॅब आहेत, खर्च हजारांत जातो. गेमसाठी कुणी तो करू नये, फोटोंसाठी करायचा की नाही ते घरच्यांनी ठरवावं. फक्त तिथे जाण्याआधी आमच्यासारख्या कुणाला ती उघडू देऊ नका, मलासुद्धा.

क्रिस्टलडिस्कइन्फोचा फोटो काढून टाका, ०५, सी५, सी६ आणि सी७ च्या ओळी पूर्ण दिसतील असा, आणि एसएमपीएसवरचं लेबलही. आकडे बघून एसएसडी घ्यायची की नुसती केबल ते सांगतो. तोवर स्विच बंदच असू द्या.